कोल्हापुरात नवीन राहायला आलाय? महापालिकेत जायच्या आधी आपण कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

नमस्कार सर. तुमचा प्रश्न वाचला. सोलापूरहून बँकेच्या बदलीनं इकडं आलाय, कळंबा रिंगरोडजवळ फ्लॅट भाड्यानं घेतलाय, मिसेसची डिलिव्हरी दोन महिन्यांवर आलीय, आणि ओळखीतला एकजण म्हणतोय की पाच हजार द्या, महापालिकेत कोल्हापूरचे रहिवासी म्हणून तुमच्या सगळ्या नोंदी करून देतो. तर महापालिकेत नक्की काय काय करायचं असतंय, बाळाच्या जन्माची नोंद कुठं होते आणि हे पैसे द्यायचे का, असं तुम्ही विचारलंय. मी कळंबा-पाचगाव भागात बरीच वर्षं आपले सरकार सेवा केंद्र चालवतोय, नवीन आलेली माणसं हेच प्रश्न घेऊन रोज काउंटरवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे "महापालिकेत काय करायचं" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की तुम्ही महापालिकेत राहता का? पत्त्यात कोल्हापूर लिहिलंय, पिनकोड कोल्हापूरचा आहे, केएमटी (महापालिकेची बस) दारात येते, तरी तुम्ही ग्रामपंचायतीत असू शकता. कोल्हापूर शहराची हद्द सगळी मिळून ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चाललाय. शहर मात्र थांबलं नाही, ते कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, उचगाव, शिंगणापूर असं सगळीकडं पसरत गेलं. नवीन अपार्टमेंटं, भाड्याचे फ्लॅट तिकडंच जास्त, त्यामुळं बाहेरून येणारी बरीच माणसं आपण शहरात राहतोय असं समजून खरं तर गावात राहत असतात. मग महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्धा दिवस घालवायचा, शेवटी खिडकीवरचा माणूस म्हणणार हे आमच्याकडं येत नाही, ग्रामपंचायतीत जावा. हा हेलपाटा टाळता येतो.

कसं ओळखायचं? घरमालकाकडं घरफाळ्याची (म्हणजे घरपट्टीची) चालू वर्षाची पावती मागा. पावतीच्या डोक्यावर कोल्हापूर महानगरपालिका छापलंय का ग्रामपंचायत, तिथंच उत्तर मिळतंय. तोंडी विचारू नका, कारण आपल्याकडं गावातले लोकपण घरफाळाच म्हणतात आणि मालकसुद्धा "शहरातच आहे की" असं सहज बोलून जातो. पावती मिळत नसेल तर खरेदीपत्र किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) बघा. त्यात "कसबा करवीर" आणि पुढं ए, बी, सी, डी, ई यातला वॉर्ड असेल तर तुम्ही शहरात आहे. गट नंबर असेल तर बहुतेक गाव. नुसता रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) दिसला तर त्यावरनं काही ठरवू नका, तो शहराच्या कडेच्या जागांनापण असतोय आणि गावांनापण. तुमच्या भागापुरतं अजून एक सांगतो, कळंब्याचं महसुली नाव "कळंबे तर्फ ठाणे" असं आहे, आणि करवीर तालुक्यातच "कळंबे तर्फ कळे" म्हणून दुसरं गाव आहे. ऑनलाईन सातबारा काढताना लोक हमखास दुसरंच कळंबे निवडतात आणि मग गटच सापडत नाही म्हणून घाबरतात.

शहरात निघालात तर वॉर्डाचाही घोळ समजून घ्या. ए ते ई हे वॉर्ड जुने, मिळकतीच्या नंबरासाठीचे. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात, शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क ई वॉर्डात. निवडणुकीचा प्रभाग वेगळा, आणि रोजच्या कामासाठी जिथं जायचं ती विभागीय कार्यालयं अजून वेगळी, ती चार आहेत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि कावळा नाक्याजवळचं ताराराणी मार्केट. आपलं कुठलं हे घरफाळ्याच्या बिलावरनं कळतं. ग्रामपंचायत निघाली तर सोपं आहे, सगळं एकाच ऑफिसात, फक्त ग्रामसेवक कधी असतात ते आधी फोन करून विचारा, कारण त्यांच्या मीटिंगा पंचायत समितीत असतात, कधी कधी एकाकडं दोन गावंपण असतात. पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण ग्रामसेवक म्हटलं तरच लोक दाखवतात.

आता दुसरी गोष्ट. "कोल्हापूरचे रहिवासी म्हणून सगळ्या नोंदी" अशी एक नोंद अस्तित्वातच नाही. महापालिकेतही नाही, ग्रामपंचायतीतही नाही. नवीन माणूस राहायला आला म्हणून त्याचं नाव लिहून घेणारं रजिस्टर कुणाकडं नसतंय. आधार, मतदार यादी, रेशन, गॅस, गाडी ही प्रत्येक नोंद वेगळ्या खात्याकडं, आणि त्यातली एकही महापालिकेची नाही. तेव्हा तो माणूस नेमकं काय करून देणार हे त्याला विचारा, त्यावर शेवटी बोलतो.

पण या सगळ्या नोंदींना जोडणारा एक कागद आहे, तो म्हणजे पत्त्याचा पुरावा, आणि भाडेकरूचा पुरावा म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. इथं बहुतेक लोक चुकतात. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी लागत नाही, स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की झालं, असं घरमालक सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, महिने किती का असेनात. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास दंड, कैदेची तरतूदपण मालकालाच आहे. हे मालकाला भीती घालायला सांगत नाही, शांतपणे सांगितलं की बहुतेकजण तयार होतात, कारण नोंदणी केली तर संरक्षण त्यांनापण मिळतंय. आता हे घरबसल्या ऑनलाईन होतं, दोन्ही बाजूंचं आधार आणि अंगठा, दोन साक्षीदार. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००, स्टॅम्प ड्युटी वेगळी. बघा, इथंपण हद्दीचा प्रश्न आलाच. करारात गावाचं नाव, मिळकत नंबर, फ्लॅट नंबर घरफाळ्याच्या पावतीशी जुळवून लिहा, आणि जमलं तर मिसेसचं नाव पण करारात घाला, त्याचा फायदा पुढं आधारला होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, ते पण त्याच वेळी उरकून घ्या.

करार हातात आला की आधारचा पत्ता बदला. नोंदणीकृत भाडेकरार आधारला चालतो. करार तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुमचा पत्ता आधी बदला, आणि मिसेसचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या आधारावरनं बदलता येतो, नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. विवाह दाखल्यात मिसेसचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असा फरक असेल तर तो आत्ताच निस्तरा, पुढं बाळाच्या कागदांत तोच फरक आडवा येतो.

मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा, फॉर्म ६ नाही. तुमचं नाव सोलापुरात आहे, ते इकडं आणायचंय, म्हणजे स्थलांतर, त्याचा फॉर्म ८. फॉर्म ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा, तो भरला की दोन ठिकाणी नावं होतात आणि ते कायद्यात बसत नाही. ऑनलाईन होतं, नंतर बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी) घरी चौकशीला येतात. हद्दीचा परिणाम इथंपण आहेच, शहरात असाल तर महापालिकेला मतदान करणार, गावात असाल तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. आपल्या गटाराची तक्रार कुणाकडं न्यायची हे त्यावरच ठरतंय, म्हणून मी नवीन माणसांना मतदार नोंदणी लांबवू नका असं आवर्जून सांगतो.

रेशनची घाई करू नका. धान्य घेणारं कार्ड असेल तर ते न बदलताही कुठल्याही दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, फक्त ई-केवायसी झालेली पाहिजे. पांढरं कार्ड असेल तर कागद म्हणूनच उपयोग, सावकाश बदला. गाडी एमएच १३ असेल तर एमएच ०९ करायची गरज नाही, राज्य एकच आहे, फक्त आरटीओकडं पत्ता बदलायचा, कायद्यात ३० दिवस आहेत.

आता बाळाच्या जन्माच्या नोंदीकडं येतो, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष घालण्यासारखी गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती प्रश्नात एका ओळीत विचारलीय. जन्माची नोंद आईबाप राहतात तिथं होत नाही, बाळ जिथं जन्मतं तिथं होते. तुम्ही कळंबा ग्रामपंचायतीत राहत असाल पण डिलिव्हरी शहरातल्या दवाखान्यात झाली, मग तो खासगी असो, सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो किंवा महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय असो, नोंद कोल्हापूर महापालिकेत. आणि मिसेस बाळंतपणाला माहेरी जाणार असतील तर नोंद त्या गावात किंवा त्या शहरात. पहिल्या बाळंतपणात आपल्याकडं असंच असतंय, आणि नंतर वडील कोल्हापुरात दाखला मागायला येतात आणि त्यांना मिळत नाही. कुठं जाणार ते ठरलं की तिथल्याच दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

दवाखान्यात जन्म झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, मुदत २१ दिवस, तोवर विनाशुल्क. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क, ३० दिवसांच्या पुढं परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखाने मुदतीत पाठवतात, तिथं सहसा अडचण येत नाही. अडचण येते स्पेलिंगची. सिस्टर घाईत विचारतात, आजी नाहीतर मामा काहीतरी सांगतात, आईचं नाव आधारवर एक आणि फॉर्मवर दुसरं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या जन्मदाखल्यांत सगळ्यात जास्त हेच असतं. तेव्हा दोघांच्या आधारची झेरॉक्स फाईलला लावा आणि डिस्चार्जच्या आधी तो फॉर्म स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच सही करा. आधी दाखल्यात चूक असली तरी शाळेचा दाखला दाखवून माणसं निभावून न्यायची, आता तसं राहिलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, लायसन्स, सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातोय.

बाळाचं नाव लगेच द्यायची सक्ती नाही. नोंद नावाशिवाय होते, बारसं झाल्यावर नाव घालता येतं, वर्षभरात फुकट आणि पुढं १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. माझं मत, दोन-तीन महिन्यांच्या आत घालूनच टाका, कारण नाव नसलेला दाखला घेऊन माणसं गप्प बसतात आणि थेट शाळेच्या वेळेला धावपळ करतात. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे, घरात ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे दाखला हातात आल्यावर वाद नको.

पाणी आणि कचरा यावर थोडक्यात. काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, ते शहरासाठीच्या योजनेतलं. उपनगरातल्या गावांच्या योजना वेगळ्या, काही ठिकाणी जीवन प्राधिकरणाचं पाणी, काही ठिकाणी बोअरची जोड, म्हणून फ्लॅट बघताना "पाणी आहे का" असं न विचारता कुठल्या योजनेचं, किती दिवसाआड आणि बिल्डिंगची टाकी केवढी हे शेजारच्यांना विचारा. तुम्ही आधीच राहताय, तर निदान पाणीपट्टीची मागची थकबाकी नाही ना हे करार करतानाच मालकाकडनं बघून घ्या. कचऱ्याला शहरात महापालिकेचा टिपर येतो, गावात ग्रामपंचायतीची गाडी. हद्दीवरच्या काही गल्ल्यांत रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला पंचायत अशी अवस्था आहे, तिथं तक्रार करताना आपली बाजू कुठली ते नीट लिहा, नाहीतर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडं बोट दाखवतात.

तुम्ही पुढं वर्षभरात फ्लॅट घ्यायचं म्हणताय, तो मोठा विषय आहे, आत्ता दोनच गोष्टी सांगतो. बांधकाम परवानगी कुणाची आहे बघा. शहरात महापालिकेची नगररचना, आणि आजूबाजूच्या ४२ गावांत २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. नुसती ग्रामपंचायतीत घरफाळ्याला नोंद आहे म्हणजे बांधकाम कायदेशीर आहे असं होत नाही, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. घरफाळा कुणाच्या नावानं भरला जातोय त्यावरनं मालकीही ठरत नाही. दुसरं म्हणजे पूर. कळंबा उंचावर आहे, पण बजेट बघून शाहूपुरी, नागाळा पार्क, कसबा बावडा रस्ता या बाजूला बघायला लागलात तर २०१९ आणि २०२१ ला तिथं पाणी कुठवर आलेलं ते विचारा आणि पूररेषेचा नकाशा बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, पावसाळ्यात हे आकडे इथल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असतात.

आता त्या पाच हजारांचं. सेवा केंद्रात किंवा एजंटकडनं काम करून घेण्यात वावगं काही नाही, वेळ नसतो, ऑनलाईन फॉर्म कटकटीचे असतात, मजुरी घेणं रास्त आहे. पण वर लिहिलेल्या कामांत आधार, फॉर्म ८, आरटीओ यासाठी "आतनं करून देतो" असं काही लागतच नाही. आणि जे दाखले सरकारी सेवेत येतात त्यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ लागू आहे. महापालिका असो वा ग्रामपंचायत, कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, अपील कुणाकडं हे बोर्डावर लावायला लागतंय. अर्जाची पोच घ्या, त्यावरची तारीख जपून ठेवा. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, तिथं नाही झालं तर दुसरं, आणि त्याच्यावर सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. माझा अनुभव असा की अपिलापर्यंत जायची वेळ फार कमी येते, पोच आणि तारीख दाखवून शांतपणे विचारलं की काम हलतं. पोच न घेता तोंडी "या की उद्या" वर विसंबलात तर मात्र मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही. अजून एक, साध्या दाखल्याला कुणी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा म्हटलं तर विचारा की स्वयंघोषणापत्र का चालत नाही, २०१५ पासून बहुतेक ठिकाणी तेच चालतं.

तेव्हा त्या गृहस्थांना सांगा, कुठले अर्ज करणार, प्रत्येकाची सरकारी फी किती आणि तुमची मजुरी किती, एका कागदावर लिहून द्या. लिहून दिलं आणि आकडा रास्त वाटला तर द्या काम. नाही दिलं तर भाडेकरार तेवढा मालकाला सोबत घेऊन या आठवड्यात करून टाका, बाकीचं मोबाईलवर रात्री बसून होतं. करार आणि दोघांचं आधार ही दोन कामं डिलिव्हरीच्या आधीच व्हायला पाहिजेत, बाळ घरी आल्यावर पहिले दोन-तीन महिने तुम्हाला कुठल्याच ऑफिसात जायला सवड मिळणार नाही. घरफाळ्याच्या पावतीवर काय निघालं ते इथं कळवा, ग्रामपंचायत असली तर तिथं कुठले कागद बरोबर न्यायचे ते सांगतो.